ट्रकच्या इंजिनाचे स्नान : विधी आणि निषेध

ट्रकचे इंजिन ज्या पोकळीत बसवलेले असते, ती पावसाळा संपेपर्यंत पोकळी राहत नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाडा तालुक्यात ती भरण्याचे काम जूनच्या मध्याला सुरू होते आणि सप्टेंबरअखेर पूर्ण होते. डांबरी रस्ता बऱ्याचदा गावाच्या वेशीपाशीच दम टाकतो. खताची पोती, सिमेंट आणि गिट्टी यांना मात्र वेशीच्या पुढे जायचे असते. पुढची चाके तिथला चिखल उचलून वर फेकतात आणि रेडिएटरचा पंखा समोरचे शिंतोडे हवेबरोबर आत ओढून घेतो. अशा रीतीने रस्त्याचा काही भाग ट्रकमध्ये येतो आणि त्याच्या जागी खड्डा उरतो. पुढच्या फेरीला तोच खड्डा जास्त चिखल पुरवतो. ही व्यवस्था स्वयंपूर्ण असून तिला बाहेरून मदत लागत नाही.

इंजिनाची जागा गाडीगणिक बदलते आणि चिखलापर्यंत हात पोचवण्याचे कष्टही त्याप्रमाणे बदलतात. पुढे लांब नाक असलेल्या जुन्या ट्रकचे बोनेट उघडले की इंजिन समोर दिसते. 1986 साली बाजारात आलेल्या टाटा 407 चे नाक आखूड आहे; तिथे पुढचा भाग बोनेटमधून आणि मागचा भाग केबिनमधले झाकण काढून गाठावा लागतो. सपाट तोंडाच्या जुन्या ट्रकमध्ये इंजिन थेट केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि क्लिनर यांच्या मधोमध असते. त्याच्या झाकणावर गादी टाकून तिसरा प्रवासी बसवण्याची पद्धत आहे, त्यामुळे हे झाकण सहसा चढ्या भाड्याचे आसन म्हणून ओळखले जाते आणि ते उघडता येते ही गोष्ट काळाच्या ओघात विसरली जाते. नव्या ट्रकची अख्खी केबिन पुढे कलते. तिची हकिगत पुढे येईल.

चिखलाचे वर्गीकरण आधी करावे लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या जमिनींची नावे इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्ताच्या दप्तरांत लिहून ठेवलेली आहेत : कन्हार, मोरंड, सिहार, बरडी. शेतसारा ठरवण्यासाठी कोणत्या जमिनीत धान किती पिकते हे पाहिले गेले. कोणती जमीन इंजिनाला किती चिकटते हे कोणी पाहिले नाही. ती उणीव येथे भरून काढता येते. कन्हार काळी आणि भारी. ओली असताना ती हाताला, पान्याला आणि चपलेला सारख्याच मायेने धरून ठेवते. वाळली की आक्रसते, तडकते आणि खपल्यांनी सुटते. म्हणून कन्हारीच्या बाबतीत घाई न करणे हाच अर्धा उपाय. मोरंड तिच्याहून थोडी हलकी आणि स्वभावाने मध्यममार्गी. सिहार पिवळसर, रेताड. ती लवकर धुतली जाते, पण फडक्याने पुसल्यास तिच्यातली रेती पॉलिश पेपरचे काम करते. बरडीत खडे असतात. ते चिकटत नाहीत, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर आपटून निघून जातात आणि भेटीची खूण ठेवतात.

पाचवा प्रकार शेतसाऱ्याच्या दप्तरात येत नाही. उकवा आणि भरवेलीच्या खाणींतून मँगनीज वाहणाऱ्या गाड्यांवर काळी धूळ बसते आणि पहिल्या पावसात तिचा लेप होतो. तो धुतल्यावर इंजिन स्वच्छ होते. धुणाऱ्याच्या बनियनबद्दल तसे सांगता येत नाही. सहावा प्रकार इंजिन स्वतः तयार करते. कुठून तरी ऑइल झिरपते, त्यावर वरीलपैकी कोणतीही माती बसते, उष्णतेने तिची भाजणी होते आणि एक काळा, कडक, रबरी थर तयार होतो. हा थर जुना असेल तर मिस्त्री त्याला हात लावताना विचार करतो, कारण कधी कधी गळती थांबवून धरण्याचे काम तोच करत असतो.

चिखल नंबरप्लेटवरही बसतो. एमपी 50 बालाघाटची आणि एमएच 35 गोंदियाची हा फरक ऑगस्टमध्ये डोळ्यांनी ठरत नाही. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी बालाघाट आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेने घातलेली ती सीमा पावसाळ्याचे काही महिने अशी पुसट होते. हा परिणाम सुखद असला तरी पोलिसांना तो मान्य नसल्यामुळे स्वच्छतेची सुरुवात बहुधा नंबरप्लेटपासून आणि बहुधा नाक्याच्या थोडे अलीकडे होते.

इंजिन धुण्याची खरी कारणे चार आहेत. रेडिएटरच्या पत्र्यांत चिखल बसला की हवा आरपार जात नाही आणि घाट चढताना पाणी उकळते. थर साचला की त्याखालची गळती दिसत नाही. ओला चिखल वायरिंगच्या कपलरमध्ये ओल धरून ठेवतो आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. आणि धानाच्या हंगामात चिखलाबरोबर तणसही आत जाते. ती सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळाला टेकली तर धूर आधी निघतो आणि प्रश्न नंतर पडतात. प्रत्यक्षात इंजिन धुतले जाते ते मात्र तीन प्रसंगी : दसऱ्याला, गाडी विकायची असते तेव्हा, आणि फिटनेसची तारीख आल्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे वय वाढेल तसे गाडीचे स्नान वाढते. पोळ्याला बैल दरवर्षी धुतला जातो. त्याला त्यासाठी आठ वर्षांचे व्हावे लागत नाही.

या सर्व प्रसंगांत एक गैरसमज समान असतो. चिखल हा इंजिनाचा शत्रू आणि पाणी हा मित्र, असे धरून कामाला लागले जाते. चिखल इंजिनाला महिनोन् महिने थोडाथोडा त्रास देतो. पाणी चुकीच्या भोकात गेले तर तेवढेच काम एका दुपारी उरकते. त्यामुळे इंजिन धुणे ही विद्या मुख्यतः काय भिजू द्यायचे नाही याची आहे. भिजवायचे काय हे तिचे परिशिष्ट होय.

पहिली निवड जागेची. नाला, तलाव किंवा नदीकाठ ही जागा सोयीची, सावलीची आणि निषिद्ध आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याने प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात सोडण्यास मनाई केली आहे. ट्रकमधून सुटलेले ऑइल नाल्यातून खाली जाते आणि खालच्या गावात कपडे धुणाऱ्या बाईला भेटते. तिची भाषा कायद्याच्या भाषेपेक्षा सोपी आणि परिणामकारक असते. तेलाचा सापळा असलेले वॉशिंग सेंटर उत्तम. ते नसेल तर नाल्यापासून दूर, सपाट, टणक जमीन निवडावी. ओल्या बांधीवर ट्रक उभा करून चिखल धुणारे आढळतात. त्यांचे काम कधीच संपत नाही आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

जागा ठरली की प्रेक्षक येतात. त्यांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग फक्त उभा राहतो. दुसरा सल्ला देतो, आणि त्याची सुरुवात “आमच्या गाडीले त असंच केलं होतं” अशी होते. त्या गाडीचे पुढे काय झाले हे तो सांगत नाही. तिसरा वर्ग मदत करतो. या वर्गाला बॅटरीपासून दूर ठेवावे.

मग गाडी स्थिर करायची. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. रस्त्यावरचा दगड ठोकळ्याचे काम करतो, परंतु काम झाल्यावर तो रस्त्यातच सोडण्याची परंपरा असल्याने पुढच्या गाडीला तो वेगळ्या स्वरूपात उपयोगी पडतो. किल्ली काढून ज्याचा हात इंजिनात जाणार त्याच्याच खिशात ठेवावी. “उस्ताद, सेल्फ मारू काय?” असा प्रश्न केबिनमधून येतो तेव्हा उस्तादाचे दोन्ही हात पंख्याच्या पट्ट्याजवळ असतात, हे अनेक ट्रकांवर घडून गेलेले आहे.

कलत्या केबिनीचा विधी स्वतंत्र आहे. केबिन कलवण्यापूर्वी तिच्यात माणूस नाही याची खात्री करावी. मागच्या बर्थवर झोपलेला क्लिनर हा माणूस धरावा. त्यानंतर सुट्या वस्तू बाहेर काढाव्यात. हे न केल्यास स्टीलचा डबा, पाण्याची कॅन, जॅकचा दांडा, चपला, चिल्लर आणि हरवलेला दहा नंबरचा पाना अशा क्रमाने सर्व काही पुढच्या काचेवर येते. काच फुटली नाही तर पाना सापडल्याचा आनंद होतो. समोर पुरेशी मोकळी जागा ठेवून केबिन शेवटपर्यंत कलवावी आणि तिला आधार देणारी दांडी कुलपात बसल्याची खात्री करावी. अर्धवट उचललेल्या केबिनीखाली, केवळ हायड्रॉलिक पंपाच्या भरवशावर, डोके घालू नये. “दोन मिनिटांचं काम आहे” हे वाक्य अशा वेळी ऐकू येते. ते खरे असते. केबिन खाली यायला तेवढाही वेळ लागत नाही.

झाकण उघडल्यावर लगेच हात घालू नये. पावसाळ्यात कोरडी आणि उबदार जागा दुर्मिळ असते आणि इंजिनाच्या पोकळीत ती भाड्याविना मिळते. उंदीर तणशीचे घरटे करतो आणि फावल्या वेळात वायर कुरतडतो. कुंभारमाशी उघड्या नळीच्या तोंडात मातीचे घर बांधते. हा चिखल रस्त्याचा नसून खास तिने आणलेला असतो. उंदरामागे सापही येऊ शकतो. म्हणून आधी पत्र्यावर काठीने ठोकावे, टॉर्च मारावा आणि थोडे थांबावे. साप दिसल्यास स्वच्छतेचा कार्यक्रम रद्द समजून सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवावे. या प्रसंगी प्रेक्षकांचे तिन्ही वर्ग विसर्जित होतात, एवढा फायदा होतो.

यानंतर इंजिन निवू द्यावे. चालत्या इंजिनातले पाणी साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसवर असते. ओझे ओढून आलेल्या गाडीचा एक्झॉस्टचा नळ आणि टर्बो यांचे तापमान काही शे अंशांवर जाते. त्या बिडाच्या भागावर थंड पाण्याची बादली ओतली की मोठी वाफ उठते, चुर्र आवाज येतो आणि समाधान वाटते. बीड मात्र एका बाजूने झटकन आकसते आणि तडा जाऊ शकतो. वाफेने तोंड भाजते ते वेगळे. निदान एक तास थांबावे आणि उघड्या हाताचा तळवा सहज टेकवता येईल तेव्हाच पाण्याचा विचार करावा. रेडिएटरचे झाकण गरम असताना अजिबात उघडू नये. हा एक तास चहा, जेवण आणि भाड्याच्या दरांवरील चर्चा यांसाठी पुरेसा आहे. शास्त्राने लादलेल्या प्रतीक्षांपैकी ड्रायव्हरने मनापासून स्वीकारलेली ही एकमेव असावी.

तासाभराने बॅटरीकडे वळावे. मोठ्या ट्रकमध्ये सहसा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. एवढ्या दाबाने माणसाला धक्का बसत नाही, आणि म्हणूनच माणूस बेफिकीर होतो. पण शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर वाहतात. मनगटातले कडे किंवा बोटातली अंगठी त्या वाटेत आली तर ती क्षणात लाल होते. दोन्ही आधी काढून ठेवावीत. पहिल्यांदा निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे, नंतर गरज असल्यास पॉझिटिव्ह. क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्हवर लावलेला पाना चुकून चासीला टेकला, तर पाना, टर्मिनल आणि चासी यांचे वेल्डिंग होते. जोडताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांच्या बऱ्याच ट्रकमध्ये आणखी एक पाहुणा असतो, तो म्हणजे 32.5 टक्के युरियाचे द्रावण. इग्निशन बंद केल्यावर त्याचा पंप नळीतले द्रावण परत टाकीत ओढून घेतो, म्हणून बॅटरी तोडण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे थांबावे. टाकीचे झाकण घट्ट आहे आणि त्याभोवती चिखल नाही हेही पाहावे. धानाच्या मुलखात युरियाची पोती हाताशी असतात आणि पाण्यात चार मुठी टाकून काम भागेल असा विचार मनात येतो. शेतीचा युरिया नीमलेपित असतो आणि त्यात गाडीला नको असलेले बरेच काही असते. धान त्याने हिरवे होते. ट्रकच्या डॅशबोर्डवरचा दिवा पिवळा होतो.

आता झाकाझाकी. ज्यांना पाणी लागता कामा नये ते भाग असे : हवा आत घेण्याचे तोंड आणि एअर क्लीनर, अल्टरनेटर (ज्याला मिस्त्री अजूनही डायनामो म्हणतो), सेल्फ, फ्यूजचा डबा, इंजिनाचा संगणक आणि त्याचे कपलर, ऑइलची गेज आणि ऑइल भरण्याचे झाकण. या सर्वांवर जाड प्लॅस्टिक बांधून सुतळीने आवळावे. प्लॅस्टिक भडक रंगाचे घ्यावे आणि किती तुकडे बांधले ते मोजून लिहून ठेवावे. पारदर्शक पिशवी एअर क्लीनरच्या तोंडावर विसरली जाते. मग इंजिन चालू होत नाही, आणि स्वच्छ केल्यामुळे गाडी बिघडली असा निष्कर्ष निघून पुढची चार वर्षे ती धुतली जात नाही.

हवेच्या तोंडाला इतके महत्त्व का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. डिझेल इंजिन हवा सतरा-अठरा पट दाबून तिच्यात डिझेल पेटवते. एका सिलिंडरमध्ये दट्ट्या लिटरभर जागा व्यापत असेल आणि दाबाचे प्रमाण 17 असेल, तर दट्ट्या वर आल्यावर साधारण 60 मिलिलिटर जागा उरते : टपरीवरच्या कट चहाएवढी. हवा तेवढ्यात मावते. पाणी दाबले जात नाही. कट चहाहून जास्त पाणी आत असेल तर वर येणारा दट्ट्या अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. इतक्या थोड्या द्रवाने इतका मोठा खर्च करणारे दुसरे साधन ट्रकच्या धंद्यात फक्त ड्रायव्हरच्या खोलीत सापडते.

पाण्याला हात लावण्यापूर्वी कोरडी सफाई करावी. अर्धाअधिक चिखल याच टप्प्यावर निघतो आणि नेमका हाच टप्पा वगळला जातो, कारण यात फेस येत नाही. वाळलेल्या खपल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकाव्यात. लोखंडी उलथणे वायरीवरचे आवरणही तितक्याच तत्परतेने सोलते. कोपऱ्यांत जुना रंगाचा ब्रश चालवावा. तेलकट माती पाण्यात न सोडता पोत्यात जमा करावी. तणस आणि उंदराचे घरटे हाताने, पण हातमोजा घालून काढावे. या कामात क्लिनरच्या गेल्या वर्षीच्या हरवलेल्या वस्तूंपैकी काही मिळतात. नट-बोल्टही मिळतात. ते कुठून पडले याचा शोध घ्यावा. “जादाचे असतील” हे उत्तर स्वीकारू नये. कारखान्यातून ट्रकला जादाचे नट-बोल्ट देण्याची प्रथा नाही.

तेलकट थरासाठी औषध लागते आणि या बाबतीत परंपरा चुकीची आहे. डिझेल किंवा रॉकेल फवारून इंजिन चमकवण्याची पद्धत जुनी आणि लोकप्रिय आहे. हे इंजिनाचे अभ्यंगस्नानच म्हणावे. त्याने चमक येते, संध्याकाळपर्यंत टिकते, आणि मग त्या तेलकट अंगावर पुढच्या रस्त्याची धूळ दुप्पट बसते. मधल्या काळात रबरी नळ्या फुगतात, पंख्याचा पट्टा घसरतो, आणि गरम नळावर फवारा गेल्यास दसरा आणि होळी एकाच दिवशी साजरे होतात. पेट्रोलचा तर विचारही करू नये. कॉस्टिक सोडा स्वस्त आहे व तेल झपाट्याने काढतो; तेवढ्याच झपाट्याने तो ॲल्युमिनियमही खातो, आणि इंजिनाचे बरेच भाग ॲल्युमिनियमचे असतात. पाण्यात मिसळणारे डिग्रीझर घ्यावे, सावलीत, थंड इंजिनावर, खालून वर लावावे, पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे आणि वाळण्यापूर्वी धुवावे. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असावेत. मोजे घालणारा क्लिनर पाहून प्रेक्षक हसतात. ते डिग्रीझर त्यांच्या डोळ्यात जाणार नसते.

आता पाणी. घरच्या नळीचा दाब दोन-तीन बार असतो आणि तेवढा पुरतो. वॉशिंगच्या पंपाचा दाब शंभर बारच्या आसपास किंवा पुढे जातो. गाडीच्या काही कपलरांची चाचणी अशा माऱ्यासाठी झालेली असते हे खरे. त्या चाचणीत 80 अंशांचे पाणी 80 ते 100 बार दाबाने, 10 ते 15 सेंटिमीटरवरून सोडतात, पण प्रत्येक कोनातून केवळ 30 सेकंद, आणि कपलर नवा असताना. प्रत्यक्षात कपलर दहा वर्षांचा, त्याचे रबर कडक, आणि धुणाऱ्या मुलाला मध्येच फोन आलेला असतो. फोन संपेपर्यंत नोजल एकाच जागी राहते. पंप वापरायचाच तर दाब कमी करून, हातभर अंतर ठेवून, पसरट फवाऱ्याने, सतत हात हलवत वापरावा. बेअरिंग, सील आणि वायरिंगवर धार नेमकी धरू नये. तोच फवारा बोटावर धरून जोर किती आहे ते पाहू नये, पाणी कातडीत घुसते. पाणी वरून खाली सोडावे आणि जितके कमी लागेल तितके सोडावे.

या साऱ्या प्रकारात जिवाला खरा धोका ट्रकपेक्षा पंपाच्या मोटारीचा असतो. ती 230 व्होल्टवर चालते, तिची वायर ओल्या जमिनीवरून जाते आणि जोड चिकटपट्टीने मारलेले असतात. अर्थिंग असलेला प्लग आणि 30 मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी यांशिवाय ओल्या पायांनी पंप हाताळू नये. खिळ्याच्या दोन टोकांना वायर गुंडाळून केलेल्या जोडणीबद्दल तिच्या निर्मात्याला फार अभिमान असतो. तो अभिमान कोरड्या दिवसापुरता ठीक आहे.

रेडिएटरला वेगळा न्याय लागतो. त्याचे पत्रे पातळ असून जोराच्या धारेने सपाट होतात. मग चिखल नसतानाही हवा जात नाही. चिखल समोरून शिरलेला असतो, म्हणून पाणी उलट दिशेने, इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने आणि पत्र्यांना सरळ लागेल असे सोडावे. समोरून पाणी मारल्यास वरचा चिखल निघून जातो आणि आतला आणखी आत बसतो. रेडिएटर बाहेरून लख्ख दिसतो, मालक मोबाइलवर फोटो मागवतो, फोटो पाहून खूश होतो, आणि पुढच्या घाटात पाणी उकळते.

वाळवणे हा धुण्याचा भाग आहे, नंतरचा आराम नव्हे. झाकलेली प्लॅस्टिके मोजून काढावीत. पंक्चरवाल्याकडच्या कंप्रेसरने कपलरांच्या आजूबाजूचे आणि खळग्यांतले पाणी उडवावे. ती हवा अंगावर किंवा कपड्यावर मारून घेऊ नये. बोनेट उघडे ठेवून उन्हात गाडी उभी करावी. सप्टेंबरमध्ये ऊन येईलच असे नाही, म्हणून धुण्याचा दिवस पंचांगाऐवजी आभाळ पाहून ठरवावा. ऑइलची गेज काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी आहे. इंजिन चालू न करता मिस्त्रीला बोलवावे.

सर्व ठीक असेल तर बॅटरी जोडून इंजिन चालू करावे आणि काही मिनिटे हळू चालू द्यावे. पट्टा किंचाळला तर तो ओला आहे. वाळल्यावर गप्प होतो. गरम भागांवरून थोडी वाफ निघणे स्वाभाविक आहे. डॅशबोर्डवर दिवा लागून राहिला तर एखाद्या कपलरमध्ये ओल आहे, तो सोडवून, कोरडा करून पुन्हा बसवावा. सेल्फ फिरतच नसेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल पाहावे. मात्र सेल्फ एकदा “टक्” करून अडत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असण्याची शक्यता धरून तिथेच थांबावे. नेमके याच क्षणी प्रेक्षकांचा तिसरा वर्ग पुढे येतो आणि धक्का मारण्याची तयारी दाखवतो. वीस माणसांनी उत्साहाने ढकललेला, गिअरमध्ये टाकलेला ट्रक म्हणजे सिलिंडरमधल्या पाण्याला कनेक्टिंग रॉडने दिलेली टक्कर. पाणी हरत नाही. त्यांना चहा पाजून घरी पाठवावे.

संपूर्ण धुणे वर्षातून दोनदा पुरते : एकदा पाऊस सरल्यावर, एकदा धान खरेदीची धावपळ आणि तिची धूळ संपल्यावर. मधल्या काळात कोरडा ब्रश आणि रेडिएटरची उलट्या बाजूने हलकी धुलाई एवढेच करावे. विक्रीला आलेल्या ट्रकचे इंजिन अतिशय चमकत असेल तर गिऱ्हाइकाने कौतुक न करता गाडी अर्धा तास चालवून पुन्हा बोनेट उघडावे. चांगली धुलाई आणि लपवाछपवी पहिल्या अर्ध्या तासात एकसारखी दिसते.

धुतल्यानंतरचा पहिला आठवडा निरीक्षणाचा. रोज सकाळी बोनेट उघडून पाहावे. जी जागा कोरडी राहिली ती निर्दोष. जी ओली झाली तिथून काय गळते ते ठरवावे : काळसर आणि घसरडे ते ऑइल, उग्र वासाचे ते डिझेल, हिरवे किंवा लाल पाणचट ते कूलंट. ही परीक्षा डोळ्याने, बोटाने आणि नाकाने करावी. जिभेने करू नये. कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते.